मेनफ्रेमवरचा डिस्क पूल आणि बॅकअप: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

स्टोरेजच्या कामावर नवीन माणूस आला की पहिल्याच आठवड्यात विचारतो, "कुठली डिस्क भरली?" इतर मशीनवर काम केलेल्याला हा प्रश्न सुचणं साहजिक आहे. पण झेड/ओएसवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, त्याच्या उत्तरातून फारसं काही हाती लागत नाही. इथे डेटासेट (मेनफ्रेमवरची फाइल) कोणत्या डिस्कवर ठेवायचा हे सिस्टीम ठरवते, आणि आज तो जिथे आहे तिथेच उद्या सापडेल असंही नाही. त्याऐवजी विचारा: या डेटासेटला कोणते क्लास, म्हणजे नियमांचे संच, लागलेत? तो कुठे राहणार, किती दिवस राहणार आणि हरवला तर कुठून परत येणार, ही तिन्ही उत्तरं त्या क्लासमध्ये लिहिलेली असतात. हा प्रश्न विचारायची सवय लागली की बाकीचं काम शिकता येतं.

पुढचं सगळं डीएफएसएमएस, म्हणजे डेटा सांभाळणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या झेड/ओएस सिस्टीमबद्दल आहे. त्यातले तीन भाग सारखे कानावर येतील. एसएमएस डेटाची जागा ठरवतो. एचएसएम जुना डेटा हलवतो आणि बॅकअप घेतो. डीएसएस कॉपी, डंप आणि रिस्टोर ही प्रत्यक्ष हमाली करतो.

पहिली पायरी: डिस्कचं माप अंगवळणी पाडा

मेनफ्रेमवर जागा गीगाबाइटमध्ये मागत नाहीत, ट्रॅक आणि सिलिंडरमध्ये मागतात. आजच्या स्टोरेज बॉक्समध्ये फ्लॅश असला तरी सिस्टीमला मात्र १९८९ साली आलेली ३३९० हीच डिस्क दिसते. तिच्या एका ट्रॅकवर जास्तीत जास्त ५६,६६४ बाइट मावतात आणि १५ ट्रॅकचा एक सिलिंडर होतो. मॉडेल ३ म्हणजे ३,३३९ सिलिंडर, साधारण २.८ गीगाबाइट. मॉडेल ९ म्हणजे १०,०१७ सिलिंडर, साधारण साडेआठ गीगाबाइट. ६५,५२० सिलिंडरच्या पुढच्या व्हॉल्यूमना, म्हणजे डिस्कना, ईएव्ही म्हणतात आणि ते एक टेराबाइटच्या आसपास जाऊ शकतात.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. ब्लॉक साइजचा, म्हणजे एकत्र लिहिल्या जाणाऱ्या रेकॉर्डच्या गठ्ठ्याच्या आकाराचा, हिशोब मात्र एकदा स्वतः कागदावर करून बघा. ८० बाइटचं रेकॉर्ड ब्लॉक न करता लिहिलं तर एका ट्रॅकवर फक्त ७८ रेकॉर्ड बसतात, कारण प्रत्येक ब्लॉकसोबत मधली मोकळी जागा वाया जाते. तेच रेकॉर्ड २७,९२० बाइटच्या ब्लॉकमध्ये बांधलं तर ट्रॅकवर दोन ब्लॉक, म्हणजे ६९८ रेकॉर्ड बसतात. १० लाख रेकॉर्डची फाइल पहिल्या पद्धतीने सुमारे ८५५ सिलिंडर खाते. दुसऱ्या पद्धतीने ती ९६ सिलिंडरमध्ये मावते.

सुरुवातीच्या काळात एका रात्री एक जॉब बी-३७ने, म्हणजे जागा संपल्याच्या कोडने, पडला. मी सेकंडरी स्पेस, म्हणजे पहिली जागा संपल्यावर मिळणारी वाढीव जागा, वाढवली, जॉब पुन्हा सोडला. तो पुन्हा पडला. मी आणखी वाढवली. तिसऱ्या वेळी शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने जेसीएल, म्हणजे जॉबच्या लेखी सूचना, मागून घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं: ब्लॉक साइज ८० लिहिलेली होती. ती शून्य केली, म्हणजे आकार ठरवायचं काम सिस्टीमवर सोडलं, आणि जॉब पहिल्या जागेतच पूर्ण झाला. तेव्हापासून जागेची तक्रार आली की मी आधी ब्लॉक साइज बघते, पूल (डिस्कचा गट) नंतर.

तीन अबेंड (जॉब मधेच पडल्याचे कोड) पहिल्या दिवसापासून ओळखता यायला हवेत. डी-३७ म्हणजे प्रायमरी जागा संपली आणि सेकंडरी मागितलेलीच नव्हती. बी-३७ म्हणजे सेकंडरी मागितली होती, पण व्हॉल्यूमवर जागा उरली नाही किंवा एक्स्टेंट, म्हणजे जागेचे सलग तुकडे, संपले. साध्या सीक्वेन्शियल डेटासेटला एका व्हॉल्यूमवर १६ एक्स्टेंटच मिळतात. ई-३७ बहुतेक वेळा पार्टिशन्ड डेटासेटवर, म्हणजे आत अनेक छोट्या फाइली (मेंबर) असलेल्या डेटासेटवर, दिसतो, आणि तिथे कॉम्प्रेस करून, म्हणजे आतली वाया गेलेली जागा मोकळी करून, बघणं हा पहिला उपाय. यातला डी-३७ पूलचा दोष कधीच नसतो. तो जेसीएलमध्येच दुरुस्त करायचा.

दुसरी पायरी: तीन क्लास आणि एक ग्रुप

नवा डेटासेट तयार होताना एसएमएस चार एसीएस रूटीन (क्लास आणि ग्रुप निवडणारे छोटे प्रोग्राम) ठरलेल्या क्रमाने चालवतो: आधी डेटा क्लास, मग स्टोरेज क्लास, मग मॅनेजमेंट क्लास, शेवटी स्टोरेज ग्रुप. डेटा क्लास म्हणजे डेटासेटची ठेवण, म्हणजे रेकॉर्डची लांबी, जागा वगैरे. स्टोरेज क्लास म्हणजे त्याला कशी सेवा हवी. मॅनेजमेंट क्लास म्हणजे तो किती दिवस जपायचा, कधी हलवायचा, किती बॅकअप ठेवायचे. स्टोरेज ग्रुप म्हणजे आपला पूल, प्रत्यक्ष व्हॉल्यूमची यादी.

यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. स्टोरेज क्लासच्या रूटीनने क्लास दिलाच नाही, तर तो डेटासेट एसएमएसच्या ताब्यात येत नाही. पुढची दोन रूटीन त्याच्यासाठी निरर्थक ठरतात. "माझ्या डेटासेटला मॅनेजमेंट क्लास का लागला नाही?" या प्रश्नाचं उत्तर मॅनेजमेंट क्लासच्या रूटीनमध्ये शोधत अनेकजण दुपार घालवतात. ते बहुधा त्याच्या आधीच्या रूटीनमध्ये असतं.

रूटीनमध्ये बदल करायचा असेल तर आयएसएमएफमधून, म्हणजे एसएमएसच्या पडद्यांवरून, तीन टप्पे येतात: ट्रान्सलेट, व्हॅलिडेट, अ‍ॅक्टिव्हेट. पहिले दोन कितीही वेळा करा, चालू सिस्टीमला धक्का लागत नाही, कारण बदल एससीडीएसमध्ये, म्हणजे मसुद्याच्या फाइलीत, होतो. अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर तो एसीडीएसमध्ये, म्हणजे चालू फाइलीत, जातो आणि त्या क्षणापासून नव्या प्रत्येक डेटासेटला लागू होतो. अ‍ॅक्टिव्हेट करण्याआधी टेस्ट केस चालवाच. नेहमीच्या नावांचे दहा-वीस डेटासेट आणि प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर एका मेंबरमध्ये साठवून ठेवा. पुढच्या प्रत्येक बदलाला तीच यादी कामी येते. जुन्या एससीडीएसची प्रत जवळ असेल तर मागे फिरणं काही मिनिटांचं काम असतं.

आणि हेही समजून घ्या: नवं रूटीन जुन्या डेटासेटना लागू होत नाही. ते आपले पूर्वीचेच क्लास घेऊन बसलेले असतात. मॅनेजमेंट क्लासच्या आतली व्याख्या बदलली तर मात्र तो क्लास लावलेल्या सगळ्या डेटासेटवर परिणाम होतो, जुन्यांवरसुद्धा. "मायग्रेशनचे दिवस ३०चे ५ करू" असा, म्हणजे न वापरलेला डेटा लवकर हलवायचा, निर्णय घेताना त्या रात्री एचएसएमला एकदम किती डेटासेट हलवावे लागतील याचा अंदाज आधी घ्या.

तिसरी पायरी: पूल सांभाळणं

माझं मत स्पष्ट आहे: पूल थोडे आणि मोठे असावेत. प्रत्येक विभागाला वेगळा पूल दिला की प्रत्येक पूलमध्ये वेगळी मोकळी जागा राखावी लागते आणि ती शेजाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. प्रॉडक्शन, टेस्ट, डेटाबेस, तात्पुरता डेटा आणि फार मोठ्या डेटासेटसाठी एक, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागतं. एका पूलमध्ये व्हॉल्यूमही शक्यतो एकाच आकाराचे ठेवा.

प्रत्येक पूलला हाय आणि लो अशा दोन टक्केवाऱ्या असतात. समजा हाय ८५ आणि लो ७० आहे. नवा डेटासेट ठेवल्यावरही जो व्हॉल्यूम ८५च्या आत राहतो तो प्रायमरी यादीत येतो आणि एसएमएस शक्यतो त्यातूनच निवड करतो. ८५च्या वर गेलेले व्हॉल्यूम बाद होत नाहीत, ते दुय्यम यादीत पडतात. रोजच्या ठरलेल्या वेळी एचएसएम मुदत संपलेले डेटासेट काढून टाकतो आणि मग बराच काळ कोणी हात न लावलेले डेटासेट हलवत व्हॉल्यूम ७०पर्यंत खाली आणायचा प्रयत्न करतो. 'प्रयत्न' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. हलवण्याजोगं काही नसेल, म्हणजे मॅनेजमेंट क्लास मायग्रेशनला परवानगीच देत नसेल, तर एचएसएमचं काम सुरळीत संपतं आणि पूल मात्र ९२ टक्क्यांवरच राहतो. अशा वेळी एचएसएमच्या लॉगमध्ये दोष शोधू नका. क्लास बघा.

पूलमध्ये जागा दिसते, पण जॉबला आयजीडी१७२७२आय हा निरोप येतो, असंही होतं. हा निरोप सांगतो की पुरेशी जागा असलेला व्हॉल्यूम सापडला नाही. कारण बहुधा जागेचे तुकडे हे असतं. प्रायमरी जागा एकाच व्हॉल्यूमवर जास्तीत जास्त पाच तुकड्यांत मिळू शकते. ४० व्हॉल्यूमवर प्रत्येकी ५०० सिलिंडर मोकळे असले तरी २,००० सिलिंडरची एकसंध मागणी त्यातून भागत नाही. डीएसएसचं डीफ्रॅग तात्पुरतं बरं करतं. खरा इलाज म्हणजे मोठ्या मागण्यांचा वेगळा पूल.

नवीन व्हॉल्यूम घालताना क्रम पाळा. आयसीकेडीएसएफ या डिस्क तयार करणाऱ्या युटिलिटीने इनिट करताना स्टोरेज ग्रुपचा पर्याय द्या, म्हणजे व्हॉल्यूमवर एसएमएसची खूण बसते. व्हीटीओसी (व्हॉल्यूमवरच्या डेटासेटची सूची) आणि तिचा इंडेक्स आत्ताच ऐसपैस ठेवा. मग व्हॉल्यूम ऑनलाइन घ्या, आयएसएमएफमध्ये पूलच्या यादीत घाला, अ‍ॅक्टिव्हेट करा आणि ऑपरेटर कन्सोलवर डी एसएमएस,एसजी(पूलचं नाव),लिस्टव्हॉल असं विचारून त्याची स्थिती प्रत्येक सिस्टीमवर एनेबल दिसते का ते बघा. पूल काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका. बाकी सगळे व्हॉल्यूम ८५च्या वर असताना एकच रिकामा घातला, तर प्रायमरी यादीत तो एकटाच उरतो आणि त्या रात्रीचे सगळे नवे डेटासेट त्याच्यावर कोसळतात. म्हणून व्हॉल्यूम वेळेत आणि चार-सहा एकदम घाला.

व्हॉल्यूम काढायचा असेल तर आधी त्याची स्थिती डिसेबल न्यू करा. नवं काही येणं थांबतं, जुनं वापरात राहतं. मग डीएसएसने त्यावरचे डेटासेट पूलमध्ये इतरत्र हलवा. जे उघडे असतील ते हलणार नाहीत. त्यांच्यासाठी त्या अ‍ॅप्लिकेशनची बंद असण्याची वेळ मागून घ्या. शेवटी व्हीटीओसीचा इंडेक्स आणि व्हीव्हीडीएस, म्हणजे व्हॉल्यूमच्या स्वतःच्या नोंदींच्या फाइली, एवढंच उरलं की व्हॉल्यूम रिकामा झाला.

चौथी पायरी: मायग्रेशन म्हणजे बॅकअप नव्हे

हा गोंधळ इतका पसरलेला आहे की मी नवीन माणसाला तो तोंडी समजावून देते आणि नंतर त्याच्याकडून परत ऐकते. मायग्रेशनमध्ये मूळ डेटासेटच हलतो. तो आधी लेव्हल १वर, म्हणजे दाबून लहान करून दुसऱ्या डिस्कवर जातो, किंवा लेव्हल २वर, म्हणजे बहुधा टेपवर. कॅटलॉगमध्ये, म्हणजे कोणता डेटासेट कुठे आहे त्या सिस्टीमच्या नोंदवहीत, त्याच्या व्हॉल्यूमच्या जागी मायग्राट असं दिसतं. प्रत एकच राहते. ती टेप खराब झाली आणि बॅकअप नसेल तर डेटा गेला. बॅकअपमध्ये मूळ डेटासेट जागेवरच राहतो आणि त्याची वेगळी आवृत्ती तयार होते.

मायग्रेट झालेल्या डेटासेटला कोणी हात लावला की एचएसएम त्याला आपोआप परत आणतो. त्यामुळे यादीतले दोनशे डेटासेट नुसते 'बघायला' उघडले तर दोनशे रिकॉल रांगेत लागतात आणि मागे प्रॉडक्शनचा जॉब ताटकळतो. नको असलेला मायग्रेटेड डेटासेट पुसायचा असेल तर एचडिलीट वापरा; तो परत न आणताच काढून टाकतो.

पाचवी पायरी: बॅकअप खरंच होतोय का

आपोआप बॅकअप व्हायला दोन बटणं चालू लागतात. एक मॅनेजमेंट क्लासमध्ये असतं, दुसरं स्टोरेज ग्रुपमध्ये. दोन्हीकडे ऑटो बॅकअप 'होय' असेल तरच एचएसएम त्या पूलच्या व्हॉल्यूमवर फिरतो आणि डेटासेट उचलतो.

मी काम करत होते तिथे एक नवा पूल उभा राहिला. क्लास जुनेच, पारखलेले. पूलच्या पडद्यावर मात्र ऑटो बॅकअपच्या पुढे 'नाही' राहून गेलं. कुठलाही जॉब पडला नाही, कुठलाही लाल निरोप आला नाही, कारण एचएसएमच्या दृष्टीने त्या पूलवर काम करायचंच नव्हतं. काही आठवड्यांनी एकाने आपला डेटासेट परत मागितला आणि बॅकअप आवृत्त्यांच्या यादीत काहीच निघालं नाही. तो डेटा मूळ फाइलींवरून पुन्हा बनवावा लागला, आणि त्या टीमचे दोन दिवस गेले. म्हणून मी आता लॉगमधल्या चुका मोजून थांबत नाही. प्रत्येक पूलवर काल किती बॅकअप झाले तेही मोजते. शून्य हा आकडा कोणी ओरडून सांगत नाही.

दुसरा सापळा बदलाच्या खुणेचा आहे. डेटासेट लिहिण्यासाठी उघडला की व्हीटीओसीमध्ये एक बिट चालू होतो आणि तो बघूनच एचएसएम ठरवतो की नवी आवृत्ती घ्यायची. मधेच कोणी डीएसएसचा डंप रीसेट पर्यायासह चालवला तर तो बिट बंद होतो. एचएसएमला वाटतं काही बदललंच नाही, आणि त्या दिवसाची आवृत्ती राहून जाते. आपल्याकडचे जुने डंप जॉब एकदा तपासा आणि एचएसएम ज्या पूलवर बॅकअप घेतो तिथून रीसेट काढून टाका.

मॅनेजमेंट क्लासमधले आवृत्त्यांचे रकाने घाईत भरू नका. डेटासेट अस्तित्वात असताना किती आवृत्त्या, पुसल्यानंतर किती, शेवटची एकमेव आवृत्ती किती दिवस, जास्तीच्या किती दिवस, असे चार वेगळे आकडे आहेत. लोकांच्या हातून डेटासेट चुकून पुसला जातो आणि ते महिन्याभराने शोधायला येतात. म्हणून 'पुसल्यानंतर' या रकान्यांत कंजूषी करू नये. मुदत संपलेल्या आवृत्त्या आपोआप जात नाहीत, त्यासाठी एक्सपायरबीव्ही ही कमांड नेमाने चालवावी लागते. आधी डिस्प्लेने यादी बघा, मगच एक्झिक्यूट.

डेटाबेसच्या बाबतीत एचएसएमच्या रोजच्या बॅकअपवर विसंबू नका. डीबी२च्या उघड्या टेबलस्पेसची फाइल नुसती उचलून सुसंगत प्रत मिळत नाही. तिथे इमेज कॉपी (डीबी२ने स्वतः घेतलेली प्रत) आणि लॉग हाच मार्ग, किंवा कॉपी पूल (एकत्र कॉपी करायच्या पूलांचा संच) करून फ्लॅशकॉपी, म्हणजे स्टोरेज बॉक्सनेच घेतलेली झटपट प्रत. आणि फ्लॅशकॉपीची प्रत त्याच बॉक्समध्ये असते. बॉक्सच गेला तर दोन्ही जातात, म्हणून ती पुढे टेपवर किंवा दुसऱ्या ठिकाणी उतरवणं हे वेगळं काम म्हणून वेळापत्रकात लिहा.

संपूर्ण व्हॉल्यूमचे डंप मोठ्या आपत्तीसाठी ठीक आहेत. पण पूलमधला एकच व्हॉल्यूम चार दिवसांपूर्वीच्या डंपवरून जसाच्या तसा परत आणला तर कॅटलॉग आणि डिस्क यांचा मेळ बसत नाही, कारण मधल्या काळात डेटासेट इकडून तिकडे गेलेले असतात. एका व्हॉल्यूमच्या बिघाडात आधी त्यावर काय होतं त्याची यादी काढा आणि डेटासेटवार परत आणा. ही यादी कालच्या डीकलेक्टमधून, म्हणजे कोणत्या व्हॉल्यूमवर काय आहे ते गोळा करणाऱ्या कमांडच्या आउटपुटमधून, मिळते. म्हणून आयडीसीएएम्स या युटिलिटीचा डीकलेक्ट जॉब रोज चालवा आणि त्याचं आउटपुट त्याच पूलमध्ये ठेवू नका.

सहावी पायरी: एचएसएमची स्वतःची वही

कुठला डेटासेट कुठे हलवला हे एमसीडीएसमध्ये, कुठला बॅकअप कुठे आहे हे बीसीडीएसमध्ये आणि टेपांचा हिशोब ओसीडीएसमध्ये असतो. सोबत जर्नल, म्हणजे या फायलींमधल्या बदलांची नोंद. टेपा सगळ्या सुखरूप आणि या तीन फायली गेल्या, तर कोणत्या टेपवर काय आहे ते सांगायला कोणी उरत नाही. एचएसएम रोजच्या बॅकअपच्या सुरुवातीला यांचीही प्रत घेतो, आणि ती यशस्वी झाली की जर्नल रिकामं होतं. ती प्रत अडखळली तर जर्नल भरत जातं आणि एक दिवस एचएसएमचं काम थांबतं. सकाळी पहिला चहा घेण्याआधी ही प्रत झाली का आणि जर्नल किती टक्के भरलं, एवढं बघा. मूळ फायली आणि त्यांच्या प्रती वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर असाव्यात हे सांगायला नकोच, तरी सांगते.

सातवी पायरी: परत आणून बघा

दर महिन्याला प्रत्येक महत्त्वाच्या पूलमधला एक डेटासेट निवडा. डेटासेटचं नाव देऊन एचलिस्टने बीसीडीएसमधली नोंद काढा. यादीत प्रत्येक आवृत्तीची तारीख, वेळ, कोणत्या व्हॉल्यूमवरून घेतली, कोणत्या टेपवर गेली आणि तिचा जनरेशन क्रमांक दिसतो. सर्वात ताजी आवृत्ती म्हणजे शून्य. तारीख मॅनेजमेंट क्लासमध्ये लिहिलेल्या बॅकअपच्या अंतराशी जुळते का ते इथेच कळतं.

मग एचरिकव्हर द्या, पण न्यूनेम लिहूनच. रिप्लेस कधीही सरावात वापरू नका. तो चालू डेटासेटवर जुनी प्रत बसवतो. नवं नाव एसीएस रूटीनमधून जातं, तेव्हा ते सरावाच्या पूलमध्ये पडेल असं निवडा. एआरसी१००१आय हा काम फसल्याचा निरोप आला तर त्यातले रिटर्न कोड आणि रीझन कोड लिहून घ्या आणि मॅन्युअलमध्ये शोधा; अंदाजाने पुन्हा पुन्हा कमांड देऊ नका. डेटासेट आला की रेकॉर्डची संख्या मोजा, पहिलं आणि शेवटचं रेकॉर्ड उघडून बघा, आणि ज्याचा डेटा आहे त्याला दाखवा. आतला मजकूर बरोबर आहे का हे तोच सांगू शकतो. कमांड दिल्यापासून डेटासेट हाती येईपर्यंत किती मिनिटं गेली तेही नोंदवा, कारण रात्री तीन वाजता फोनवर पहिला प्रश्न तोच येतो.